पाँपीच्या खांबाखालची शपथ

माझ्या पत्नीने, इन्शिराहने, मला तीन दिवसांसाठी तीन वाक्ये मंजूर केली होती: ‘या, घर तुमचंच आहे’, ‘अजून घ्या ना’ आणि ‘खरंच?’ तिसऱ्या वाक्यातील प्रश्नचिन्हाबद्दल तिला शंका होती. तिच्या मते ते चिन्ह मी असे उच्चारतो, की समोरच्याला आपले शालेय शिक्षण वाया गेल्याचा साक्षात्कार होतो. म्हणून तिने मला ओट्यापाशी उभे करून ते अकरा वेळा म्हणायला लावले आणि अकराव्या वेळी, ‘चालेल. पण भुवई खाली ठेवा,’ असे बजावून मोकळे केले.

ही सक्ती अन्यायाची होती, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. आमच्या रदवाला एकतिसावे लागले होते आणि आधीची दोन जमत आलेली स्थळे माझ्याच तोंडाने मोडली होती. पहिल्या मुलाच्या वडिलांनी जेवता जेवता क्लिओपात्राला अरब ठरवले. मी त्यांना दुसऱ्या दिवशी सतरा पानांचे टिपण धाडले, तळटिपांसह. दुसऱ्या मुलाच्या आईने समुद्रकाठचे नवे ग्रंथालय पाहून विचारले, की जुने जर जळून गेले तर एवढी पुस्तके आली कुठून. त्या खेपेस मी एक अक्षरही लिहिले नाही. मी केवळ हसलो. ते हसणे थांबण्यापूर्वीच बाई सरबताचा पेला तसाच ठेवून उठल्या होत्या.

‘बाबा,’ रदवा म्हणाली, ‘हातिम मला आवडतो. हे मी एकदाच सांगणार. त्याचे वडील बोलतात. खूप बोलतात, आणि सगळं चुकीचं बोलतात. तीन दिवस गप्प बसा. मग जन्मभर मी तुमचं ऐकते.’

‘त्यांच्या चुका साधारण कोणत्या शतकातल्या असतात?’

‘बाबा!’

मी गप्प बसण्याची शपथ घेतली.

स्थळ पाहायला येणारी माणसे आमच्याकडे स्थळदर्शनाला आल्याचे सोंग करतात. हातिमचे आईवडील कैरोहून ‘चार दिवस जरा समुद्राची हवा खायला’ आले होते आणि आम्ही त्यांना ‘आलाच आहात तर शहर दाखवतो’ म्हणालो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी दिवाणखान्यात बसून दोन्ही घरांनी मिळून फातिहा वाचायची आणि सोयरीक पक्की करायची, हे सर्वांना ठाऊक होते. त्याचा उच्चार मात्र कुणीही करायचा नव्हता. दांभिकतेचा हा प्रकार मला मान्य आहे. त्याला किमान परंपरा आहे.

आता अलेक्झांड्रिया दाखवायची म्हणजे काय दाखवायचे, हा प्रश्न सोपा नाही. या शहराची कीर्ती जे नाही त्यावर उभी आहे. दीपस्तंभ नाही. ग्रंथालय नाही. सिकंदराची कबर नाही, आणि ती सापडल्याची बातमी दर चार वर्षांनी कुणीतरी देतो. मी पस्तीस वर्षे विद्यापीठात ग्रीक शिलालेख शिकवले, म्हणजे जे नाही त्याबद्दल काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, यातली रेष राखली. हातिमच्या वडिलांनी, ब्रिगेडियर शौकत यांनी, ती रेष पहिल्या दिवशी दुपारी एक वाजता ओलांडली, आमच्याच जिन्यावर.

आमच्या इमारतीची लिफ्ट गेली सहा वर्षे ‘दुरुस्तीसाठी बंद’ आहे. ब्रिगेडियर चौथ्या मजल्यावर पोहोचले ते घामाने निथळत, कठड्याला धरून, पण तोंड चालूच.

‘सव्वाशे पायऱ्या! अहो, सव्वाशे! मी मोजल्यात! सिनाईत टेकडी चढलो तेव्हासुद्धा एवढी दमछाक झाली नव्हती.’

चौऱ्याऐंशी. एकतीस वर्षे मी त्या चढतो-उतरतो. मी म्हणालो, ‘या, घर तुमचंच आहे.’

‘तुम्ही डॉक्टर ना? बघा बरं हा गुडघा.’ त्यांनी तिथल्या तिथे पँटचा पाय वर ओढला.

‘अहो, ते तसले डॉक्टर नाहीत,’ त्यांची पत्नी मागून चढत म्हणाली. हाज्जा तहीय्या ही ठेंगणी, गोल, काळ्या डोळ्यांची बाई. बोलण्याची पाळी संसाराच्या अडतीस वर्षांत क्वचितच आल्यामुळे तिचे प्रत्येक वाक्य तयार असे. ‘ते मेलेल्यांचे डॉक्टर आहेत.’

मला ती बाई आवडली. तिच्या मागे हातिम होता. भूमापन खात्यातला, सडपातळ. त्याने चपला काढताना त्या भिंतीला समांतर ठेवल्या आणि कुणाला काहीच न सांगता एका कोपऱ्यात बसला. रदवा बंदराच्या कार्यालयात नकाशे काढते. ही दोघे एका किनाऱ्याच्या मोजणीवरून भांडता भांडता जवळ आली होती, असे इन्शिराहने मला सांगितले होते.

त्या संध्याकाळी, जुन्या दीपस्तंभाच्या जागी उभ्या असलेल्या सुलतान कायतबाईच्या किल्ल्यावर, ब्रिगेडियरांनी आम्हाला सांगितले, की दीपस्तंभ इंग्रजांच्या तोफांनी पडला. दीपस्तंभ भूकंपांनी पडला, आणि त्या वेळी इंग्रजांपाशी या समुद्रात आणण्याजोगी तोफ नव्हती. मी ‘खरंच?’ म्हणालो. इन्शिराहने माझ्या भुवईकडे पाहिले. परतताना ट्रॅममध्ये ते म्हणाले, की ही ट्रॅम नेपोलियनने आणली. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. समोरच्या बाकावर एक कोळीण टोपली मांडीवर घेऊन बसली होती. तिने ब्रिगेडियरांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि सहानुभूतीने मान हलवली.

रात्री इन्शिराह म्हणाली, ‘छान वागलात.’ मी दात घासत होतो. दोनदा घासले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाँपीचा खांब.

या खांबाचा पाँपीशी काहीही संबंध नाही. तो सम्राट डायोक्लीशनसाठी उभारला आणि तसे त्याच्या बैठकीवर ग्रीक अक्षरांत कोरलेले आहे. ती अक्षरे दगडावरून उतरवून घेण्यासाठी मी तरुणपणी एक अख्खा उन्हाळा एका डगमगत्या शिडीवर काढला. शिडी धरायला तेव्हा शहाता होता. आता तो तिथला म्हातारा पहारेकरी आहे. मला पाहून तो उठला, पण मी नजरेनेच त्याला खाली बसवले.

‘हे पाहा,’ ब्रिगेडियर खांबाकडे हात करून म्हणाले, ‘पाँपी! रोमचा सेनापती. इथे त्याचं डोकं कापलं. सीझरला रडू कोसळलं. क्लिओपात्राने ते डोकं सोन्याच्या हंड्यात घातलं, इथे पुरलं आणि त्याच्यावर हा खांब उभा केला. एका रात्रीत!’

‘बाबा,’ हातिम हळूच म्हणाला, ‘तिथे फलकावर डायोक्लीशन लिहिलंय.’

मुलाने चारचौघांत बापाला खोडून काढणे, आणि तेही होणाऱ्या सुनेसमोर. ब्रिगेडियरांची मान लाल झाली.

‘फलक? फलक कोणी लिहिला? एखाद्या कारकुनाने! तलाकची शपथ घेऊन सांगतो, या खांबाखाली पाँपीचं डोकं नसेल तर ही बाई माझी बायको नाही!’

आमच्याकडे पुरुष ही शपथ ऊठसूट घेतात. हॉटेलात पैसे कुणी द्यायचे यावर घेतात, पाहुण्याने आणखी एक घास खावा म्हणून घेतात. तिचे कुणाला काही वाटत नाही, कारण ती पुढच्या गोष्टीबद्दल असते: पाहुणा घास खातो आणि संसार वाचतो. परंतु घडून गेलेल्या गोष्टीबद्दल, आणि तीही सतराशे वर्षे हलली नाही अशा दगडाबद्दल, कुणी ती घेतल्याचे मी प्रथमच ऐकत होतो. दगड घास खाणार नव्हता.

शहाता म्हातारा न राहवून म्हणाला, ‘अहो पाशा, आमच्या डॉक्टरसाहेबांनाच विचारा की. त्यांनी तर त्या दगडाचं अक्षर न् अक्षर—’

‘खरंच?’ मी म्हणालो. माझ्या तोंडून निघालेले ते सर्वांत वाईट ‘खरंच’ होते. रदवाने डोळे मिटून घेतले.

हाज्जा तहीय्या मात्र एकटक माझ्याकडे पाहत होती.

दुपारी बहरी वस्तीतल्या मासळीच्या खानावळीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. ब्रिगेडियर आत बर्फावरचे मासे निवडत होते आणि बोय कसा भाजावा हे भाजणाऱ्याला शिकवत होते. तिसऱ्यांच्या रश्श्याची वाटी माझ्यापुढे सरकवत ती खालच्या आवाजात म्हणाली:

‘डॉक्टर, सरळ विचारते. आहे का तिथे डोकं?’

‘अजून घ्या ना,’ मी म्हणालो.

‘मी काय जेवण विचारतेय? हे बघा. या माणसाने आंब्यावरून तलाकची शपथ घेतली, मी आंबा खाल्ला. पडद्याच्या रंगावरून घेतली, मी पडदा बदलला. अडतीस वर्षं त्याची शपथ खरी करायला मीच धावत आले. आज त्याने असली घेतली, की तिथे मला काही करताच येत नाही. उद्या मुलाच्या फातिहाला मी कोण म्हणून बसू? बायको म्हणून की शेजारीण म्हणून?’

‘खरंच?’ मी असहायपणे म्हणालो.

तिने थोडा वेळ माझा चेहरा वाचला. तिच्या वाचनात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

‘म्हणजे नाहीये,’ ती म्हणाली आणि डोक्यावरचा रुमाल सावरून उठली. ‘ज्याला माहीत नसतं तो बोलतो. ज्याला माहीत असतं तो गप्प बसतो.’

त्या संध्याकाळी तिने आपली पिशवी उचलली आणि सीदी बिश्रमधल्या भाड्याच्या घरातून आमच्याकडे राहायला आली. एखादा विद्वान माणूस जोवर निवाडा देत नाही तोवर परपुरुषाबरोबर एका छताखाली राहणार नाही, असे तिने ब्रिगेडियरांना कळवले होते. तिने रदवाच्या खोलीत बस्तान मांडले, रदवाचे केस विंचरून दिले, दोघी बराच वेळ हसत होत्या. मला तिच्या वागण्यात शोकाचा अंशही आढळला नाही. उलट सुट्टी आता कुठे सुरू झाल्यासारखी ती दिसत होती.

पण रदवा चहा घेऊन माझ्या खोलीत आली तेव्हा तिचे हसू ओसरले होते.

‘हातिमचा फोन होता. त्याचे वडील म्हणतात, बायको परत आली नाही तर फातिहा कसली न् काय कसली, उद्या सकाळच्या गाडीने परत. तुम्ही गप्प बसलात म्हणून हे झालं, बाबा.’

‘तूच—’

‘माहीत आहे मला. मीच सांगितलं होतं.’ ती माझ्या टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागली. ‘आता मी काही सांगत नाही. तुम्हीच बघा.’

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला ब्रिगेडियर आले. जिन्यावर या वेळी त्यांनी पायऱ्यांची संख्या जाहीर केली नाही. हातिम त्यांच्या मागून आला. सरबत तयार होते, पण ओतलेले नव्हते. हाज्जा सोफ्याच्या एका टोकाला, ब्रिगेडियर दुसऱ्या टोकाला; मध्ये अडतीस वर्षे आणि एक उशी.

‘डॉक्टर,’ ब्रिगेडियर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मी प्रथमच विनंती ऐकली, ‘सांगा हो हिला. डोकं आहे म्हणून सांगा. तुमचं ऐकेल ही. एक शब्द.’

‘म्हणा ना!’ इन्शिराह माझ्या कानाशी कुजबुजली. ‘आहे म्हणा आणि सुटा! तो पाँपी काही उठून तक्रार करायला येणार नाही!’

तीन दिवस खरे बोलू नका म्हणून ज्यांनी माझे तोंड शिवले होते, तेच आता खोटे बोलण्यासाठी टाके उसवत होते. मी रदवाकडे पाहिले. ती काही सांगणार नाही म्हणाली होती आणि शब्दाला जागत होती. कानातले डूल मात्र थरथरत होते.

‘पाँपी,’ मी म्हणालो, ‘इथे मारला गेला नाही. तो इथून पूर्वेला, सीमेपाशी, होडीतून उतरताना मारला गेला. खांब त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी उभा राहिला. क्लिओपात्राला मरूनही तेव्हा तीनशेच्या वर वर्षं झाली होती, आणि तो एका रात्रीत उभा राहिला नाही. तो पाँपीचा नाही. दीपस्तंभ भूकंपाने पडला. नेपोलियनच्या काळात जगात ट्रॅम नव्हती. आणि बोय मासा, ब्रिगेडियरसाहेब, कोंड्यात घोळवूनच भाजतात. काल तो भाजणारा बरोबर होता आणि तुम्ही त्याला उगाच रडवलंत.’

इन्शिराहने कपाळाला हात लावला. तिसरे स्थळ.

‘म्हणजे,’ हाज्जा सावकाश म्हणाली, ‘मी सुटले?’

‘माझं संपलेलं नाही. तुमच्या यजमानांनी खांब पाँपीचा आहे अशी शपथ घेतलेली नाही. मी तिथेच उभा होतो. त्यांची शपथ अशी, की खांबाखाली पाँपीचं डोकं आहे. आता ते डोकं सीझरकडे आणलं, याच शहरात, हे खरं. त्याने ते शहराबाहेरच्या एका राईत पुरायला सांगितलं, असं एक जुना इतिहासकार लिहितो. ती राई कुठे होती, ते आज कुणालाही ठाऊक नाही. खांबाच्या पायात कुठले जुने दगड बसवलेत, ते लोकांनी वाकून पाहिलंय. त्याच्याही खाली कुणी खणलेलं नाही, कारण खणलं तर खांब खणणाऱ्याच्या डोक्यात पडेल. तेव्हा डोकं तिथे आहे असं मी म्हणू शकत नाही, आणि नाही असंही म्हणू शकत नाही. शक्यता लाखात एक. पण शून्य नाही. तुमचं लग्न झालं हे पक्कं आहे, तलाक झाला हा संशय आहे. आणि संशयाने पक्की गोष्ट मोडत नाही, हा नियम तर कुठलाही शेख तुम्हाला सांगेल.’

मग ब्रिगेडियर उडी मारून उठले. गुडघ्याची आठवण त्यांना मागाहून झाली.

‘बघ! बघ तहीय्या! मी काय म्हणत होतो? असू शकतं! एवढा मोठा विद्वान म्हणतोय, असू शकतं! डोकं तिथेच आहे!’

पस्तीस वर्षे शिकवून मी एवढेच शिकलो, की अचूकपणाचा सर्वाधिक फायदा मूर्खाला होतो. हाज्जाने एक सुस्कारा टाकला. तो सुटकेचा होता की निराशेचा, याबद्दल पुराव्याअभावी मी मत देत नाही. तिने मधली उशी उचलून मांडीवर घेतली.

‘लाखात एक,’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘एवढ्याच्या आधारावर आहे मी तुमच्या घरात. ध्यानात ठेवा.’

‘आणि डॉक्टर!’ ब्रिगेडियर आता आनंदाने भांडायलाच उभे राहिले होते. घरात कुणी त्यांना उलट उत्तर देत नसे, आणि आज कुणीतरी दिले होते. माणूस दहा वर्षांनी तरुण झाला होता. ‘मासा तुमचा, ट्रॅम तुमची, घ्या! पण जिना? सव्वाशे पायऱ्या आहेत की नाही?’

‘चौऱ्याऐंशी,’ मी थंडपणे म्हणालो. ‘एकतीस वर्षं मी इथे राहतो.’

‘काका,’ कोपऱ्यातून आवाज आला, ‘शहाऐंशी आहेत.’

हातिमने हे नम्रपणे, पण मोजपट्टी टेकवावी तसे म्हटले होते. इन्शिराहने ओतायला उचललेले सरबताचे भांडे परत खाली ठेवले. आधीची दोन स्थळे याहून कितीतरी कमी कारणाने गेली होती. माझ्याच घरात, माझ्याच जिन्यावरून, मला खोडून काढले होते.

‘तुम्ही दोनदा मोजल्यात?’ मी विचारले.

‘तीनदा. परवा चढताना, उतरताना, आणि आज चढताना.’

रदवा माझ्याकडे पाहत नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती मुळीच नव्हती. एखाद्या नकाशावरची चूक सापडल्यावर ती जशी हसते, तशी हसत होती.

‘चला,’ मी म्हणालो.

आम्ही सहा जण जिना उतरू लागलो. ब्रिगेडियर मोठ्याने मोजत होते आणि सोळानंतर एकदम वीसवर गेले, तेव्हा हाज्जाने त्यांचे तोंड हाताने झाकले. दुसऱ्या मजल्यावर उम्म सफ्वतने दार उघडून विचारले, आग लागली की काय. ‘मोजणी!’ इन्शिराह म्हणाली. ‘सरकारी?’ ‘त्याहून वाईट!’ उम्म सफ्वतही चपला घालून मागे आली.

तळमजल्यावर मी चौऱ्याऐंशी म्हणालो. समोर इमारतीचा दरवाजा होता. दरवाज्यापासून रस्त्यापर्यंत दोन पायऱ्या होत्या, झिजलेल्या, एकीच्या काठावर मांजर झोपलेले. एकतीस वर्षे मी त्यांवरून चाललो होतो. या घरात राहायला आलो त्या दिवशी मी जिना एकदाच मोजला होता, दरवाज्यापासून. नंतर मी जिना मोजला नाही, मी माझाच हवाला देत आलो. हे कृत्य एखाद्या विद्यार्थ्याने केले असते तर मी त्याला नापास केले असते.

‘शहाऐंशी,’ मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो, कारण हळू म्हणणे हा लबाडीचाच एक प्रकार आहे.

कुणी हसले नाही. हातिम संकोचून म्हणाला, ‘दाराबाहेरच्या धराव्यात की नाही, यावर मतभेद होऊ शकतो, काका.’

‘होऊ शकत नाही,’ मी म्हणालो. ‘पाय उचलावा लागतो ती पायरी. वर परत चढण्याइतका दम कुणात आहे?’

कुणातच नव्हता. तेव्हा फातिहा आम्ही तिथेच वाचली, दरवाज्याच्या चौकटीत, तळहात वर करून. उम्म सफ्वत साक्षीला, मांजर शहाऐंशीव्या पायरीवर. रदवाचा आवाज माझ्या डाव्या बाजूने येत होता आणि तो अजिबात थरथरत नव्हता. ‘आमीन’ म्हणून हात चेहऱ्यावरून फिरवताच ब्रिगेडियरांनी मला मिठी मारली.

‘व्याहीबुवा! आज मासे माझ्याकडून! तलाकची शप—’

हाज्जा तहीय्याने नुसती मान वळवली.

‘—म्हणजे, मला आवडेल,’ ब्रिगेडियर म्हणाले, ‘तुमची हरकत नसेल तर.’